कोड हवा, लिटर हवेत की दोन्ही?

पुणे

चि. सानिकास,


तुझा प्रोग्राम मिळाला आणि सोबतचे दोन्ही प्रश्नही. दूध संस्थेच्या वहीतल्या नोंदी तू पायथनच्या डिक्शनरीत घातल्यास. सभासदाचा कोड ही 'की', त्याने डेअरीला घातलेलं दूध ही 'व्हॅल्यू'. मग ज्यांच्यापुढे शून्य लिटर आहेत त्यांना काढून टाकायला लूप लिहिलास आणि तो मध्येच थांबून म्हणाला, 'डिक्शनरी चेंज्ड साइझ ड्युरिंग इटरेशन'. यात काय चुकलं, हा तुझा पहिला प्रश्न. एकाच डिक्शनरीवर फिरायला इतक्या रीती कशाला, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर नीट कळलं की पहिल्याचं आपोआप सोपं होतं, म्हणून तिथून सुरुवात करते. प्रोग्रामच्या ओळी वाचून दाखवाव्यात तशा लिहिते आहे, टाइप करताना तू त्या नेहमीसारख्या करशीलच.

'फॉर कोड इन दूध' असं लिहिलंस की एकेक कोड हाती येतो, लिटर येत नाहीत. 'दूध डॉट व्हॅल्यूज' म्हटलंस की नुसते लिटर येतात, ते कोणाचे हे कळत नाही. 'फॉर कोड, लिटर इन दूध डॉट आयटेम्स' असं लिहिलंस की दोन्ही जोडीने येतात आणि त्याच ओळीत दोन वेगळ्या नावांत जाऊन बसतात. आता संस्थेचं काम डोळ्यांपुढे आण. सकाळचं एकूण संकलन काढायचं आहे, तर सभासद कोण याच्याशी आपल्याला काही कर्तव्य नाही. 'सम'ला दूध डॉट व्हॅल्यूज दे, एका ओळीत काम झालं. आज कोण कोण आलं एवढंच बघायचं असेल तर कोड पुरेत. दहा दिवसांचं बिल करायचं तर दोन्ही लागतात. कोणती रीत वापरायची हे कामच सांगतं, आणि तू वापरलेल्या रीतीवरून वाचणाऱ्याला ते काम कळतं. तू सगळीकडे आधी कोड घेतला आहेस आणि मग आत पुन्हा चौकोनी कंसात कोड देऊन दूध शोधलं आहेस. उत्तर बरोबरच येतं. पण दर वेळी पायथनला त्या कोडचा हॅश, म्हणजे त्यावरून काढलेला आकडा, घेऊन आतल्या कोष्टकात जागा शोधावी लागते, खरं तर ती जोडी आत्ताच त्याच्या हातात होती. तीन-चारशे सभासदांच्या संस्थेत हा वेळ जाणवणारही नाही. वाचणाऱ्याला मात्र जाणवतो, कारण तो प्रत्येक ओळीला थांबून विचारतो की हे लिटर याच सभासदाचे ना?

नुसत्या डिक्शनरीवर लूप फिरवला तर कोडच का यावेत, जोड्या का नाहीत, असं तुझ्या मनात आलं असेल. हा वाद भाषा घडवणाऱ्यांमध्येही झाला होता. गिडो व्हॅन रॉसम यांनी 1991 मध्ये ॲमस्टरडॅमहून पायथन प्रसिद्ध केली तेव्हा डिक्शनरीवर थेट लूप फिरवता येत नसे. आधी कीजची पूर्ण यादी बनवून घ्यावी लागे. थेट फिरण्याची सोय 2.2 या आवृत्तीत, डिसेंबर 2001 मध्ये आली. का-पिंग यी आणि गिडो यांनी तिचा प्रस्ताव लिहिला, त्यात हा वाद नोंदलेला आहे. निर्णय असा झाला की 'इफ 47 इन दूध' असं विचारल्यावर पायथन कीजमध्येच शोधते, तर 'फॉर'च्या ओळीतल्या 'इन'नेही कीजच द्याव्यात. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी वापरला असता तर शिकणाऱ्याला जन्मभर पाठ करत बसावं लागलं असतं.

पुढे 3 डिसेंबर 2008 रोजी पायथन 3.0 आली आणि कीज, व्हॅल्यूज, आयटेम्स या तिन्ही मेथड यादीऐवजी 'व्ह्यू' देऊ लागल्या. व्ह्यू म्हणजे प्रत नव्हे. सकाळी तू 'आलेले' या नावात दूध डॉट कीज ठेवलंस आणि नंतर आणखी चार सभासद नोंदवलेस, तर 'आलेले'मध्ये तेही दिसतील. कीजच्या व्ह्यूवर वजाबाकीही करता येते. कालच्या कीजमधून आजच्या कीज वजा केल्या की काल आलेले पण आज न आलेले सभासद एका ओळीत मिळतात. सचिवाला रोज हवी असते तीच ही यादी. कॉलेजच्या जुन्या नोट्समध्ये 'आयटरआयटेम्स' दिसलं तर ते पायथन 2 चं आहे असं समज. त्या आवृत्तीची देखभाल 1 जानेवारी 2020 पासून बंद झाली आणि ती मेथड आता चालत नाही.

आता एका चुकीबद्दल सांगते, कारण ती चूक म्हणून दिसतच नाही. 'डॉट आयटेम्स' लिहायचं राहिलं आणि ओळ 'फॉर कोड, लिटर इन दूध' अशी झाली असं धर. कोड पूर्णांक असतील तर पायथन लगेच अडवेल, कारण एका आकड्याचे दोन भाग करता येत नाहीत. कोड मजकूर म्हणून ठेवले असतील आणि त्यात '101' असेल तरी अडवेल, कारण तीन अक्षरं दोन नावांत मावत नाहीत. पण कोड '47' असेल, तर पायथन निमूटपणे '4' हा कोड आणि '7' हे लिटर धरून पुढे जाते! तुझ्या चाचणीच्या फाइलमध्ये सगळे कोड दोन अंकी आहेत आणि मजकूर म्हणूनच आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. प्रोग्राम थांबला नाही म्हणजे उत्तर बरोबर आलं असं धरायचं नाही. कागदावर दोन सभासदांचं बिल हाताने कर आणि छापलेल्या बिलाशी ताडून बघ.

कोड मजकूर ठेवायचा की आकडा, हेही ठरवून टाक. '07' आणि '7' हे पायथनसाठी दोन निराळे सभासद आहेत. तसेच '47' हा मजकूर आणि 47 हा आकडा. वहीतले आकडे देवनागरीत असतात. ते कोणी तसेच टाइप केले तर '४७' ही आणखी तिसरी की झाली, आणि एकाच माणसाचं दूध तीन ठिकाणी विभागून जाईल. लूप तीन वेळा त्याच्याकडे जाईल आणि तिन्ही वेळा बिल कमी दाखवेल. सुदैवाने 'इंट' ही सोय देवनागरी अंकही समजते, '४७' दिलं तरी 47 परत करते. म्हणून नोंद डिक्शनरीत जाण्याआधीच कोड 'इंट'मधून काढून घे. माझ्या मते तुझ्या प्रोग्राममधली सगळ्यात आधी करायची दुरुस्ती हीच आहे.

सकाळ-संध्याकाळचं दूध वेगळं ठेवायचं असेल तर दोन डिक्शनऱ्या नकोत. कोड आणि वेळ यांची जोडी हीच की करता येते. मग लूप 'फॉर कंसात कोड, वेळ, कंस पुरा, लिटर इन दूध डॉट आयटेम्स' असा होतो, आणि आतला कंस विसरायचा नाही.

आता तुझा पहिला प्रश्न. लूप सुरू होताना पायथन डिक्शनरीत किती नोंदी आहेत ते टिपून ठेवते. प्रत्येक पावलाला ती संख्या पुन्हा बघते आणि बदललेली दिसली की थांबते. तुझ्या लूपने पहिला शून्यवाला सभासद काढला, पुढचं पाऊल टाकायला गेला आणि अडला. म्हणजे चूक कळेपर्यंत एक सभासद निघून गेलेला होता. डिक्शनरी आता ना मूळची राहिली, ना तुला हवी तशी झाली. असं थांबणं त्रासदायक वाटतं, पण ते तुझ्या भल्याचं आहे. नोंदी वाढल्या की पायथन अधूनमधून आतलं सगळं कोष्टक नव्याने मांडते. लूप मध्यावर असताना ते झालं आणि पायथन गप्प राहिली, तर एखादा सभासद दोनदा येईल किंवा येणारच नाही, आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. एक नोंद काढून दुसरी घातली, संख्या तीच राहिली, तर चालतं का, असा प्रश्न तुझ्यासारखी मुलगी विचारणारच. पायथन ते दर वेळी पकडेलच असं नाही, म्हणून तर ते अजिबात करायचं नाही. आधीपासून असलेल्या कोडपुढचे लिटर बदलायला मात्र हरकत नाही. त्याने नोंदींची संख्या बदलत नाही आणि जागाही हलत नाही.

एक सूक्ष्म गोष्ट इथेच सांगून ठेवते. तू बेरजेसाठी 'डिफॉल्टडिक्ट' वापरला आहेस. त्यात नसलेला कोड नुसता वाचायला मागितला तरी तो शून्यासह नवा तयार होतो. म्हणजे लूपच्या आत तू कोणाला काढलं नाहीस, घातलं नाहीस, फक्त विचारलंस, तरी संख्या वाढते आणि तीच तक्रार येते. लूपच्या आत विचारायचं असेल तर 'गेट' वापर, ते नवी नोंद करत नाही.

काढायचंच असेल तर दोन मार्ग आहेत. एक, 'लिस्ट'मध्ये कोडांची प्रत आधी करून घेऊन त्या प्रतीवर लूप फिरवणं आणि मूळ डिक्शनरीतून नोंदी काढणं. दुसरा, ज्यांचे लिटर शून्याहून जास्त आहेत त्यांची नवीन डिक्शनरी एका ओळीत बनवणं. मी दुसरा घेईन, कारण त्यात मूळ नोंदी शाबूत राहतात. पण सानिका, खरं सांगू का, तुझ्या या कामात मी कोणालाच काढणार नाही. शून्य लिटर म्हणजे सभासद गेला असं नाही. त्याची म्हैस भाकड असेल, जनावर आजारी असेल, घरी कार्य असेल आणि दूध घरातच लागलं असेल. त्याच्यावर पशुखाद्याची उचल बाकी असू शकते, आणि ती बिलातून वळती व्हायची असते. तू त्याला डिक्शनरीतून काढलंस तर त्याची बाकीही तुझ्या लूपच्या वाटेतून निघून गेली. छापताना शून्य नको असेल तर छापण्याच्या ओळीवर अट घाल. नोंद तशीच राहू दे.

आता क्रमाबद्दल. तू सहज लिहिलं आहेस की 'डिक्शनरीत क्रम राहतोच, त्यामुळे यादी आपोआप लागते.' या वाक्यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण त्यातलं अर्धं खरं आहे आणि ते अर्धंही फार उशिरा खरं झालं.

पायथनमध्ये कितीतरी वर्षं डिक्शनरीच्या क्रमाचं कुठलंही आश्वासन नव्हतं. की कुठे बसेल हे तिच्या हॅशवरून ठरायचं आणि लूप कोष्टकातल्या जागांच्या क्रमाने फिरायचा. त्यात एक फसवी गोष्ट होती. लहान पूर्णांकाचा हॅश तो आकडा स्वतःच असतो. त्यामुळे 1 ते 5 असे कोड कसेही घातले तरी लूपमध्ये चढत्या क्रमाने येत, आणि लोकांना वाटे की डिक्शनरी कोड लावून ठेवते. पण सुरुवातीच्या कोष्टकात जागा आठच. त्यात 1 नसताना 9 हा कोड आला की तो आठाने भागून उरलेल्या 1 या जागेवर बसे आणि लूपमध्ये 2 आणि 3 यांच्या आधी येई. लहान नमुन्यावर तपासून पाहिलेला प्रोग्राम खऱ्या यादीवर असा फसायचा.

पुढे तर क्रम दर वेळी बदलू लागला, आणि तेही मुद्दाम केलं गेलं. 2011 च्या डिसेंबरअखेर बर्लिनमधल्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान वेल्डे यांनी दाखवून दिलं की एकच हॅश येईल अशा हजारो कीज निवडून वेबसाइटच्या फॉर्ममधून पाठवल्या, तर सर्व्हर त्या एकाच जागेवर रचत बसतो आणि ठप्प होतो. अनेक भाषांना हा धोका होता. उपाय म्हणून मजकुराच्या हॅशमध्ये दर वेळी वेगळा, गुप्त आकडा मिसळायचं ठरलं, आणि सप्टेंबर 2012 मधल्या पायथन 3.3 पासून ते नेहमीसाठी चालू झालं. मजकुराच्या कीज असलेला तोच प्रोग्राम, तीच फाइल, पण सकाळी एक क्रम आणि दुपारी दुसरा. त्या काळात कितीजणांच्या चाचण्या कधी पास तर कधी नापास होत. दोष हॅशचा नव्हता. कोणीही न दिलेल्या क्रमावर विसंबून राहिल्याचा तो परिणाम होता.

2012 च्याच डिसेंबरमध्ये पायथन घडवणाऱ्यांपैकी रेमंड हेटिंगर यांनी डिक्शनरीच्या मांडणीचा नवा विचार मांडला. जुन्या मांडणीत हॅश, की आणि व्हॅल्यू मिळून प्रत्येक जागेला 24 बाइट लागत, आणि कोष्टकाचा निदान तिसरा हिस्सा रिकामा ठेवावा लागे. आठ जागांना 192 बाइट, आणि त्यात नोंदी मावायच्या पाच. हेटिंगर म्हणाले, नोंदी एकापाठोपाठ सलग लिहा आणि विरळ कोष्टकात फक्त ती नोंद कितवी आहे तो छोटा आकडा ठेवा. संस्थेच्या आवक वहीत नोंदी येतील तशा लिहितात आणि कोडवरून पान सापडावं म्हणून मागे सूची ठेवतात, अगदी तसंच. आता आठ जागांच्या सूचीला 8 बाइट आणि पाच नोंदींना 120, मिळून 128. हेतू होता जागा वाचवण्याचा. क्रम टिकला तो त्याचा आनुषंगिक लाभ, कारण लूप आता त्या सलग नोंदींवरून फिरतो.

इनादा नाओकी यांनी ही मांडणी मुख्य पायथनमध्ये आणली आणि डिसेंबर 2016 च्या 3.6 मध्ये ती लोकांच्या हाती आली. 3.5 च्या तुलनेत डिक्शनरीला 20 ते 25 टक्के कमी मेमरी लागू लागली. पण क्रमावर विसंबू नका, ही केवळ आतली रचना आहे, असं तेव्हा स्पष्ट बजावलं होतं. पुढच्या डिसेंबरात गिडो यांनी निर्णय दिला की हा आता भाषेचाच नियम, आणि जून 2018 मधल्या 3.7 पासून तो पक्का झाला. 3.6 आणि 3.7 मध्ये लूप चालवून बघितलास तर दोन्हीकडे क्रम सारखाच दिसेल. फरक आहे तो शब्द दिलेला असण्याचा. प्रोग्राम लिहिताना तुला रोज हाच फरक ओळखावा लागणार आहे. गो या भाषेत तर मॅपवरची फेरी कुठून सुरू व्हावी हे मुद्दाम बदलतं ठेवलेलं आहे, म्हणजे कोणाला चुकीची सवय लागूच नये. जावाचा हॅशमॅप क्रमाचं आश्वासन देत नाही, लिंक्डहॅशमॅप देतो. पायथनमध्येही सेटला क्रम नाही. मघाशी सांगितलेली कीजची वजाबाकी सेट देते, तेव्हा ती छापण्याआधी क्रम लावावाच लागतो.

आणि जो शब्द दिला आहे तो कोणता, हेही नीट बघ. ज्या क्रमाने घातलं त्या क्रमाने मिळेल, एवढाच तो आहे. तुझ्या डिक्शनरीत तो दूध मोजायच्या काट्यापुढच्या रांगेचा क्रम झाला, कोडचा नव्हे. कोडपुढचे लिटर बदलले तर कोड आपल्या जागी राहतो; काढून पुन्हा घातला तर शेवटी जातो. सर्वांत जास्त दूध कोणाचं हे 'मॅक्स'ने शोधलंस आणि दोघांचं सारखंच असलं, तर फक्त आधी आलेला मिळेल, आणि बक्षिसाच्या यादीत दुसऱ्यावर अन्याय होईल. कोडप्रमाणे यादी हवी तर 'सॉर्टेड' लिही. न लिहिता ती लागलेली दिसली, तर त्या दिवशी रांग तशी होती इतकंच.

आडनावांप्रमाणे यादी करशील तेव्हा आणखी एक अडचण येईल. 'सॉर्टेड' अक्षरांचे युनिकोडमधले क्रमांक बघतो, आणि तिथे ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे कळसकर कवडेंच्या आधी छापले जातील, आणि संस्थेतले जुनेजाणते लोक लगेच बोट ठेवतील. त्यांचं बरोबरच असेल. मराठीचा क्रम जाणणारी आयसीयू नावाची लायब्ररी आहे, ती वापरायला शीक. आपल्या लोकांच्या याद्या आपल्या क्रमाने लागाव्यात हे काम कोणीतरी मनावर घ्यायला हवं, आणि ते तू घ्यावंस असं मला वाटतं.

येत्या बिलाआधी एवढं कर: कोड 'इंट'मधून घे, शून्यवाल्यांना काढणारा लूप काढून टाक, बिलाच्या लूपमध्ये 'आयटेम्स' वापर आणि छापताना 'सॉर्टेड' लाव. मग छापलेली यादी तुझ्या दादाला दे आणि वहीशी एकेक ओळ ताडून बघायला सांग. यादीचे आणि वहीचे आकडे जुळले की मला नवा प्रोग्राम पाठव.

तुझी,
आत्या